सहा प्रेक्षक आणि पाच तारे

नाटकाचं परीक्षण लिहिणाऱ्या माणसाला अंधार फार प्रिय असतो. अंधारात त्याची जांभई दिसत नाही, चोरून घड्याळ पाहिलेलं दिसत नाही आणि दहाव्या रांगेत बसलेला हा गृहस्थ नटाच्या पोटावर पाय आणणार आहे की त्याला डोक्यावर घेणार आहे, याचा कुणाला पत्ता लागत नाही. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरी दर ऑगस्टमध्ये जो 'फ्रिंज' नावाचा नाट्यमहोत्सव भरतो, तिथे मात्र समीक्षकाची ही सोय नाही. कारण दहावी रांगच नाही. पुष्कळदा दहावा प्रेक्षकही नसतो. एका खेळाला सरासरी सहा माणसं येतात, अशी तिथली दंतकथा आहे. दंतकथा खरी धरली, तर समीक्षक हा प्रेक्षागृहाचा सहावा हिस्सा झाला. तो हसला नाही तर नटाला ते ऐकू येतं!

या महोत्सवाचा जन्मच आगाऊपणातून झाला. १९४७ साली एडिंबऱ्यात मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हा आठ नाटकमंडळ्या बोलावणं नसताना येऊन थडकल्या. आपल्याकडे लग्नातला आगंतुक गुपचूप जेवून हात धुतो; या आठांनी मांडवाबाहेर स्वतःची पंगत मांडली. आज ती पंगत मूळ लग्नापेक्षा मोठी झाली आहे. तीन-तीन हजारांवर खेळ लागतात. निवड समिती नाही, प्राथमिक फेरी नाही. जागा भाड्याने घ्यावी आणि उभं राहावं. चर्चचं सभागृह, दारूच्या गुत्त्याचं तळघर, कॉलेजचा वर्ग, काहीही चालतं. दादरला छबिलदासच्या सभागृहात ज्यांनी नाटकं पाहिली असतील, त्यांना ही जवळीक नवी नाही. काही ठिकाणी तिकीटही नसतं. शेवटी दाराशी बादली धरतात. समीक्षकाने त्या बादलीत नाणं टाकावं की मत, हा प्रश्न अजून सुटायचा आहे.

मत टाकायचं ते ताऱ्यांत. पाच म्हणजे अप्रतिम, एक म्हणजे घरी जा. चार-पाच तारे मिळाले की मंडळी रातोरात ते छापून आपल्या पत्रकांवर टाचतात आणि रॉयल माइल नावाच्या रस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात कोंबतात. तीन तारे कुणी टाचत नाही. तीन तारे म्हणजे 'मुलगी बरी आहे, पत्रिका बघून कळवतो'.

आता समजा, एक पोरगा तासभर एकट्याने आजी, आजोबा आणि त्यांचा कुत्रा अशी तिन्ही कामं करतो आहे. कुत्रा उत्तम. आजी झकास. आजोबांच्या तोंडून मात्र सारखा लेखक बोलतो. पोराने साठवलेले पैसे भाड्यात घातलेत, समोर आपण धरून सहाजण. लिहायचं काय? आपल्या मराठी परीक्षणांनी अशा प्रसंगासाठी शब्द तयार ठेवलेले आहेत. एकच खुर्ची असली की 'नेपथ्य सूचक', दिवा नुसता लागला की 'प्रकाशयोजना अनुरूप' आणि काहीच जमलं नाही की 'एक प्रामाणिक प्रयत्न'. ही दया दिसायला गोड, पण तिचा अर्थ 'तुझ्याकडून आमची याहून अपेक्षा नव्हती' एवढाच. शिवाय ते वाचून तिकीट काढणाऱ्या गृहस्थाचा तास जातो, तो निराळाच.

पण झोडपण्यातही मोठं शौर्य नाही. सहा माणसांच्या तळघरात तलवार फिरवायची म्हणजे आपलंच नाक जायचं.

१९६६ साली याच फ्रिंजमध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी एका फारशा प्रसिद्ध नसलेल्या लेखकाचं नाटक केलं. 'हॅम्लेट'मधल्या दोन दुय्यम पात्रांना त्याने नायक केलं होतं. इतरांना त्यात विशेष काही दिसलं नव्हतं. 'ऑब्झर्व्हर'च्या रोनाल्ड ब्रायडनला दिसलं. त्याने तसं लिहिलं. ते वाचून नॅशनल थिएटरच्या केनेथ टायननने संहिता मागवली आणि १९६७ साली टॉम स्टॉपर्डचं 'रोझेनक्रांट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड' लंडनला ओल्ड व्हिकच्या रंगमंचावर आलं. ब्रायडनने विद्यार्थ्यांची कीव केली नव्हती. प्रयोगामागचं नाटक त्याने नीट पाहिलं होतं.

दर खेळामागे स्टॉपर्ड नसतो, हे कबूल. पण फ्रिंजवर बरेच खेळ तीन-तीन आठवडे रोज चालतात, ही गोष्ट विसरू नये. एरवी परीक्षण म्हणजे शवविच्छेदन. इथे रोगी अजून चालता-बोलता असतो. म्हणून त्या पोराबद्दल लिहावं ते स्पष्ट लिहावं: कुत्र्यासाठी जरूर जा, आजीसाठी थांबा, आजोबा अजून व्हायचे आहेत. त्याच्या पत्रकावर टाचायला हे उपयोगाचं नाही. पण उद्या दुपारी पुन्हा खेळ आहे, आणि आजोबांना दुरुस्त करायला सकाळ मोकळी आहे.