टेबल आणि काउंटर : इराण्याचे राहून गेलेले वाचन

इराण्याच्या हॉटेलाशी माझी पहिली ओळख त्याच्या पुड्यातून झाली. आमचे भोकर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. राज्य गेले तरी कामाधामासाठी हैदराबादला जाणे आमच्या घरात पुढेही चालू राहिले. वडील परतताना इराण्याच्या काउंटरवरून उस्मानिया बिस्किटे आणत. आई ती चहात बुडवून खाई. ती स्वतः कधी हॉटेलात बसली नाही. पुढे मुंबईच्या इराण्यांवरचे लेखन वाचू लागलो तेव्हा एक गोष्ट खटकत राहिली : या लेखनात चहा आहे, गप्पा आहेत, पण तो पुडा कुठेच नाही.

वस्तुतः मुंबईचा इराणी म्हणजे अर्धे हॉटेल आणि अर्धे दुकान. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इराणच्या याझ्द, केरमान भागांतून आलेल्या जरथुष्ट्री कुटुंबांनी ही हॉटेले काढली, ती बहुधा रस्त्याच्या कोपऱ्यावर. धोबीतलावचे कयानी १९०४ चे, ग्रँट रोडचे मेरवान १९१४ चे. आत संगमरवरी टेबले. दारालगत काचेच्या कपाटांत ब्रून पाव, खारी, नानकटाई, मावा केक. अनेक ठिकाणी अंडी, लोणी, साबण, आगपेटीही मिळे. पुण्याच्या कॅम्पातील कयानी बेकरीत (१९५५) तर बसण्याचा प्रश्नच नाही. श्रूजबरी बिस्किटांसाठी गिऱ्हाईक उभेच असते.

टेबलाचे महत्त्व मी नाकारत नाही. खिशात फारसे पैसे नसलेल्या तरुणाला एका चहावर तासभर बसू देणारी जागा शहरात दुसरी कोणती होती? जिथे चहाचा कपसुद्धा जात पाहून वेगळा ठेवला जाई, त्या काळात तर हे मोठेच होते. निस्सिम इझिकेल यांनी इराण्याच्या भिंतीवरील सूचनांच्या पाटीवरून एक इंग्रजी कविता रचली. तिच्यात सर्व जातींच्या लोकांचे स्वागत असल्याचे येते. परंतु ती पुन्हा वाचताना लक्षात येते की थुंकू नका, केस विंचरू नका, फार वेळ बसू नका या साऱ्या सूचना बसणाऱ्याला आहेत. सकाळी पाव घेऊन जाणाऱ्या बाईला किंवा पोराला पाटी काहीच सांगत नाही.

इथे अरुण कोलटकरांकडे वळावे लागते. त्यांच्या ‘इराणी रेस्टॉरंट बॉम्बे’ या इंग्रजी कवितेत नजर आधी जाते ती इराणच्या शहाच्या तसबिरीकडे आणि शोकेसमधल्या शिळ्या होत चाललेल्या केककडे. म्हणजे विक्रीच्या मालाकडे. या केकचे वाचन करताना शहरी उदासीनता, अस्तित्वाचा पोकळपणा असे शब्द चटकन सुचतात. ते चूक नाहीत. मात्र विकला न गेलेला केक ही आधी दुकानातली घटना आहे. गिऱ्हाईक आले नाही, एवढी साधी गोष्ट आपण ओलांडून जातो.

काळा घोड्याच्या वेसाइड इन या रेस्टॉरंटमध्ये कोलटकर वर्षानुवर्षे बसत. त्या बैठकीच्या आठवणी पुष्कळ सांगितल्या जातात, आणि त्यामुळे टेबलाला जवळजवळ स्मारकाचे रूप आले आहे. पण २००४ च्या ‘काळा घोडा पोएम्स’मधील न्याहारीची दीर्घ कविता खिडकीबाहेर पाहते. इडल्या घेऊन येणारी बाई, तिच्याभोवती जमणारी फुटपाथवरची माणसे, त्यांचे पोट हा तिचा विषय आहे. कवी टेबलावर बसला, कविता मात्र बाहेर उभ्याने खाणाऱ्यांची झाली. आपण कवीची खुर्ची जपली आणि त्याची नजर सोडून दिली, हा माझा आक्षेप आहे.

मराठवाड्याच्या वाचकाला हा आक्षेप परका वाटू नये. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’मध्ये (१९७९) अन्न हे सजावट म्हणून येत नाही. कोणी दिले, कोणाच्या घरी मिळाले, किती मिळाले, यावर तिथे माणसाची किंमत ठरते. हाच हिशेब आपण शहरी हॉटेलाच्या साहित्याला का लावू नये?

एकेक इराणी बंद होतो तसे स्मरणलेख वाढत जातात. त्यांत मित्र येतात, कवी येतात, बन मस्का येतो. माझी विनंती एवढीच की, असा लेख वाचताना काउंटरपाशी कोण उभे होते तेही शोधावे. जी माणसे आत बसली नाहीत, त्यांच्याही घरी इराणी पोचला होता. माझ्या आईपर्यंत तो कागदाच्या पुड्यातून पोचला, आणि तीसुद्धा त्याची गिऱ्हाईकच होती.