से कॅथेड्रलचा उणा मनोरा

आपल्या लाखनी-भंडाऱ्याकडचे भाविक जुन्या गोव्यास जातात ते संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी. रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल बहुधा घाईघाईने पाहिले जाते, आणि ‘अपुरे वाटते’ असा शेराही मिळतो. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या सणादिवशी, आल्बुकर्कने गोवा जिंकला. म्हणून हे ख्रिस्तमंदिर तिला वाहिलेले. बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले, अभिषेक १६४० मध्ये झाला.

अपुरेपणा दिसतो तो दर्शनी भागात. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा उभारलाच नाही. इंग्लंडमधील लिंकनच्या मध्ययुगीन कॅथेड्रलचाही उंच सुळका १५४८ मध्ये पडला. पण मधला मनोरा व पश्चिमेची जोडी शाबूत राहिल्याने त्याचा तोल ढळला नाही. गोव्यात मात्र तोल ढळला आहे, हे मान्य करावे. तरीही नवा मनोरा जोडणे मला खोटेपणाचे वाटेल. ती रिकामी जागा या नगरीच्या उतरत्या काळाची खरी नोंद आहे.

बाहेरची भिंत साधी, जवळजवळ अबोल. आत मात्र संत कॅथरिनच्या चरित्रप्रसंगांनी कोरलेली सोनेरी प्रधान वेदी. हा विरोध वास्तूचे खरे सामर्थ्य होय. उरलेल्या मनोऱ्यातील सोनेरी घंटेचा नाद सारेच वाखाणतात. इन्क्विझिशनच्या शिक्षांच्या वेळीही ती वाजे, असे सांगतात. ते न्यायासन गोव्यात १५६० मध्ये आले आणि १८१२ मध्ये कायमचे उठले. मुलांना घंटा दाखवताना एवढे वगळू नये.