धोतर, कंदुरा आणि दारावरची पाटी

मागच्या वर्षी मला प्रमोशन मिळालं, तेव्हा घरच्यांना पुण्यातल्या एका रूफटॉप बारमध्ये जेवायला न्यायचं ठरवलं. टेबल बुक केल्यावर मोबाइलवर मेसेज आला : 'स्मार्ट कॅज्युअल्स ओन्ली. नो शॉर्ट्स, नो स्लिपर्स, नो ट्रॅडिशनल वेअर.' मी गावी फोन लावला.

"आप्पा, येताना पँट घालून या."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग, "धोतर चालत न्हाय व्हय तिथं?"

"तसं नाही हो. पावसाचे दिवस आहेत, चिखल उडतो."

मी सरळसरळ खोटं बोलले. आप्पा दादाच्या लग्नात शिवलेली पँट घालून आले. पट्ट्याला खिळ्यानं एक जादा भोक पाडलं होतं. शर्टाचं वरचं बटणही लावलेलं, त्यामुळे गळ्यातली तुळशीची माळ दिसत नव्हती. गार्डनं सलाम केला, आम्ही आत गेलो, आप्पांनी लिंबू सोडा घेतला. कुणी कुणाचा अपमान केला नाही. तेव्हा या लेखात तक्रार करायला माझ्याकडे गार्ड नाही. त्याचं काम मी आधीच फोनवर उरकलं होतं.

तो मेसेज मी नंतर पुष्कळदा वाचला. एखाद्या कवितेवर लिहावं तसं त्यावर लिहिता येईल, इतकं त्यात दडलेलं आहे. शॉर्ट्स आणि स्लिपर्स माणूस घरात घालतो. 'घरातून उठून तसेच येऊ नका' एवढंच ते दोन 'नो' सांगतात. तिसरा 'नो' मात्र वेगळा आहे. आप्पांचं धोतर हा घरातला गबाळा कपडा नाही. लग्नाला, बँकेत, पंढरपूरला ते धुतलेलं, नीळ दिलेलं धोतर नेसूनच जातात. त्यांचा सगळ्यात चांगला कपडा त्या मेसेजनं स्लिपरच्या रांगेत नेऊन ठेवला.

हा नियम सरकारचा नाही. महाराष्ट्रात दारूबाबत कायदा वय विचारतो, परवाना विचारतो. बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण हवीत. अंगावर काय आहे, हे तो विचारत नाही. गावच्या देशी दारूच्या दुकानात तर धोतर, लुंगी, लेंगा सगळं चालतं. कपड्यांचा प्रश्न पेला महाग झाल्यावरच येतो.

हे वळण इंग्रजांच्या क्लबांमधून आलं आणि इंग्रज गेल्यावरही टिकलं. मुंबईच्या विलिंग्डन क्लबनं १९८८ साली एम. एफ. हुसेन यांना अनवाणी आले म्हणून आत घेतलं नव्हतं. जुलै २०१४ मध्ये चेन्नईत तमिळनाडू क्रिकेट असोसिएशनच्या क्लबमध्ये पुस्तक प्रकाशनाचा कार्यक्रम होता. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरंथमन वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसून आले आणि त्यांना दारातूनच परत पाठवलं गेलं. दोन वकिलांनाही तोच अनुभव आला. पुढच्याच महिन्यात तमिळनाडू विधानसभेनं कायदा केला. वेष्टी किंवा इतर भारतीय पारंपरिक पोशाखामुळे प्रवेश नाकारला, तर क्लबचा परवाना रद्द होऊ शकतो आणि एक वर्षापर्यंत कैद व २५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायदा झाला ते बरंच झालं. पण त्यासाठी दारात न्यायमूर्ती अडावे लागले. आप्पांसारखा माणूस अडला असता, तर विधानसभेपर्यंत गोष्ट गेली असती का, याची मला शंका आहे. शिवाय कायदा दार उघडू शकतो. मी केलेल्या फोनला तो काय करणार?

मोठ्या हॉटेलांच्या आणि क्लबांच्या दाराशी पहा. फेटा, कमरपट्टा, अचकन घातलेला दरवान उभा असतो. पारंपरिक पोशाख तिथे रोज आत-बाहेर करतो, मात्र नोकराच्या अंगावर. २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबमध्ये पाहुणी म्हणून आलेल्या एका खासी महिलेला तिच्या जैनसेम या पोशाखावरून उठायला सांगितलं गेलं. 'मोलकरणीसारखी दिसते' असं कारण दिल्याचं तेव्हाच्या बातम्यांत होतं. म्हणजे अडचण कपड्याची नव्हती. तो घालून ती बाई जेवणाच्या टेबलावर बसली, याची होती. आणि ज्या बारनं मला मेसेज पाठवला, त्याच बारच्या इन्स्टाग्रामवर दिवाळीआधी 'एथनिक नाइट'ची जाहिरात होती. वेशभूषा म्हणून धोतर चालतं, रोजचा कपडा म्हणून चालत नाही.

माझा मावसभाऊ दुबईतल्या एका हॉटेलात बारमध्ये काम करतो. त्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला. तिकडच्या अनेक बारमध्येही राष्ट्रीय पोशाखात आत घेत नाहीत, पण कारण बरोबर उलटं. इस्लाममध्ये दारू वर्ज्य आहे. बहुसंख्य लोक परदेशी असलेल्या त्या देशात पांढरा कंदुरा ही नागरिकाची ओळख आहे, आणि ती दारूच्या पेल्याशेजारी दिसू नये असं मानलं जातं. आमच्याकडे कपडा जागेच्या मानानं हलका ठरतो, तिकडे जागा कपड्याच्या मानानं हलकी ठरते.

हा नियम मला आधी जास्त सभ्य वाटला. त्यात निदान अपमान नाही. पण तोच माणूस जीन्स घालून आला, तर कंदुऱ्याचा नियम त्याला अडवत नाही. कपड्याची अब्रू राखली गेली, माणसाच्या श्रद्धेशी कुणाला देणंघेणं नाही.

इथे मला आप्पांची माळ आठवते. माळ घातल्यापासून त्यांनी मांस आणि दारू सोडली. तो नियम त्यांनी स्वतःवर घातलाय. म्हणून आम्ही बिअर घेत असताना ते शांतपणे सोडा पीत बसू शकले. त्या टेबलावर सगळ्यात कडक नियम पाळणारा माणूस तेच होते, आणि नेमकी त्यांचीच खूण कॉलरखाली झाकलेली होती.

खासगी जागेला नियम नसावेत, असं माझं म्हणणं नाही. स्विमिंग पूलवरचे ओले कपडे घेऊन कुणी जेवायला बसू नये. मी एवढंच तपासते : कपडा कसा घातलाय, हे नियम विचारतो, की तो कुणाचा आहे, हे विचारतो? पहिला नियम सगळ्यांना सारखा लागू होतो. दुसरा ठरावीक लोकांनाच लागतो, आणि ते लोक कोण हे गार्डलाही पाठ असतं.

येत्या महिन्यात बहिणीच्या पहिल्या पगाराचं जेवण आहे. या वेळी मी गावी फोन केला नाही, हॉटेलांना केला. "वडील धोतर नेसून येतील, चालेल ना?" दोघांनी मॅनेजरला विचारून कळवतो म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. तिसऱ्या ठिकाणी फोन उचलणाऱ्या मुलाला प्रश्नच समजला नाही.

"म्हणजे? किती जण आहात मॅडम?"

मी टेबल तिथे बुक केलं.