माहिती आहे, मग गोळी का सुटते?

बायपोलर विकाराची, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांच्या फेऱ्यात माणसाला अडकवणाऱ्या आजाराची, माहिती मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. घडीपत्रिका, पुस्तिका, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या यांतून ती सतत येत असते आणि तिचा क्रमही ठरलेला असतो: लक्षणे, कारणे, उपचार, काळजी. उन्मादाच्या काळात झोपेची गरज कमी होते, बोलणे सुसाट सुटते, पैसा पाण्यासारखा जातो, आपल्याला अशक्य असे काहीच नाही असे वाटू लागते. नैराश्याच्या काळात अंथरुणातून उठणेही जड जाते. मधल्या काळात हाच माणूस तुमच्या-आमच्यासारखा नोकरी-संसार करीत असतो. औषधे नियमित घ्यावीत. इथे पुस्तिका संपते.

यातले एकही वाक्य चुकीचे नाही. परंतु ज्या घरात हा आजार असतो, त्या घराचा खरा प्रश्न नेमका या शेवटच्या वाक्यापाशी सुरू होतो. औषधाने बरे वाटते हे रुग्णाला कळते, घरच्यांनाही दिसते, आणि तरीही एक दिवस गोळ्या बंद होतात. माहिती असताना असे का व्हावे? के रेडफील्ड जेमिसन यांचे ‘ॲन अनक्वायट माइंड’ हे १९९५ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी आत्मकथन या एका प्रश्नासाठी पुन्हा वाचावे असे मला वाटते. पुस्तकाला तीस वर्षे झाली. त्यातली काही औषधे आणि मात्रा आता बदलल्या आहेत. प्रश्न बदललेला नाही.

जेमिसन या मानसशास्त्रज्ञ. फ्रेडरिक गुडविन यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला उन्माद-नैराश्याच्या आजारावरील जाडजूड ग्रंथ १९९० साली निघाला आणि तो या विषयातला आधारग्रंथ मानला गेला. हा आजार त्यांना स्वतःला शालेय जीवनाच्या शेवटच्या वर्षापासून होता, हे मात्र जगाला पाच वर्षांनी, या आत्मकथनातून कळले. म्हणजे माहितीच्या बाबतीत त्यांच्यापेक्षा अधिक सुसज्ज रुग्ण शोधून सापडणार नाही. १९७४ साली त्यांना लिथियम सुरू झाले. आणि या विदुषीने ते पुनःपुन्हा सोडले, पुनःपुन्हा कोसळल्या, एकदा आत्महत्येच्या प्रयत्नापर्यंत गेल्या. पुस्तकाचे मोल या विसंगतीत आहे आणि जेमिसन ती कुठेही झाकत नाहीत.

त्यांनी दिलेली कारणे बारकाईने पाहण्यासारखी आहेत. पहिले कारण शारीरिक. त्या काळी लिथियमची रक्तातील पातळी आजच्यापेक्षा वरची ठेवली जाई. त्यामुळे हात थरथरत, मळमळत असे आणि, वाचन हाच ज्यांचा व्यवसाय त्यांना, एक परिच्छेद धड वाचता येईना. पुढे मात्रा कमी केल्यावर हे पुष्कळ सुधारले. दुसरे कारण घरातले. औषधाने आत्मा शुष्क होतो, आजार सोसून पार करावा, अशी त्यांच्या बहिणीची भूमिका होती. (आपल्याकडेही ‘गोळ्यांची सवय लागेल’ असे सांगणारी मावशी किंवा शेजारी प्रत्येक घराला लाभलेला असतो.) तिसरे कारण सर्वांत अवघड आहे. उन्मादाची सुरुवात त्यांना आवडत असे. त्या अवस्थेत त्या मनाने थेट शनी ग्रहाच्या कड्यांपर्यंत जाऊन येत, आणि औषधाने ते उड्डाण बंद झाले तेव्हा त्यांना शनीची आठवण येई. त्या प्रकरणाचे नावच शनीच्या या आठवणीवरून आहे. साडेसातीच्या आपल्या मुलखात शनीची आठवण कोणी हौसेने काढीत नाही. परंतु मुद्दा समजायला ती अडचण येऊ नये. मधुमेहाच्या रुग्णाला वाढलेली साखर आवडत नसते. इथे आजाराचा एक भाग रुग्णाला स्वतःचा उत्तम काळ वाटत असतो. घडीपत्रिकेत ‘लक्षण’ म्हणून छापलेली गोष्ट त्याच्या लेखी हरवलेले वैभव असते. हे न समजता ‘गोळी घे’ म्हणणारा माणूस त्याला मत्सरी वाटला तर नवल नाही.

हा काही एकट्या जेमिसन यांचा स्वभावदोष नव्हे. लिथियमचा उन्मादावरील गुण १९४९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी प्रसिद्ध केला. त्यांच्या निबंधातला पहिला रुग्ण पाच वर्षे अखंड उन्मादात रुग्णालयात होता. लिथियमने तो काही महिन्यांत सुधारला आणि घरी जाऊन आपल्या जुन्या कामावर रुजू झाला. मग त्याने औषधात चालढकल केली, शेवटी ते सोडले आणि पुन्हा रुग्णालयात आला. औषध सुटण्याचा इतिहास औषधाच्या इतिहासाइतकाच जुना आहे, असे म्हणायला हरकत नाही. पुढे १९५० साली याच रुग्णाचा लिथियमच्या विषबाधेने मृत्यू झाला, कारण रक्तातील पातळी मोजण्याची सोय तेव्हा हाताशी नव्हती.

ही पातळीची बाब जेमिसन यांच्या पुस्तकात अनुभव म्हणून येते. त्यामागचे विज्ञान शोधायला त्या पुस्तकाकडे जाऊ नये. विज्ञानाच्या शिक्षकांना ते सहज सांगता येईल. आवर्तसारणीत लिथियम हे सोडियमच्या डोक्यावर, त्याच गणात बसलेले मूलद्रव्य आहे. मूत्रपिंड लिथियमला पुष्कळसे सोडियमसारखेच वागवते. शरीरात मीठ आणि पाणी कमी पडले की ते सोडियम राखू पाहते आणि त्याबरोबर लिथियमही राखून ठेवते. म्हणून गोळी तेवढीच घेऊनही जुलाब, मे महिन्यातले ऊन, निर्जळी उपवास किंवा एकाएकी धरलेले अळणी व्रत यांमुळे रक्तातील पातळी चढू शकते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि रक्तदाबावरील काही औषधे यांनीही ती चढते. साधारणपणे दर लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल ही उपयोगाची पातळी. १.५ च्या वर विषबाधेची चिन्हे दिसू लागतात: हातांची ठळक थरथर, उलट्या, झोकांड्या, जड झालेली जीभ. उपयोग आणि अपाय यांत इतके थोडे अंतर असलेले औषध रोजच्या वापरात क्वचितच आढळते. म्हणून शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देऊन पातळी, आणि ठरावीक काळाने मूत्रपिंड व थायरॉइड तपासायचे असते. ‘नियमित घ्यावे’ या दोन शब्दांत एवढे सगळे दडलेले आहे. चतुर्थी-एकादशीचे उपवास करणाऱ्या घराला ते कुणीतरी त्यांच्या भाषेत सांगायला हवे.

पुस्तकातला एक प्रसंग शिक्षकांनी मुद्दाम वाचावा. महाविद्यालयात मानसशास्त्राच्या तासाला प्राध्यापकांनी शाईच्या डागांची रोर्शाक चित्रे वर्गात फिरवली आणि उत्तरे लिहून घेतली. जेमिसन तेव्हा भरात होत्या. त्यांनी पानभर विलक्षण काहीतरी लिहिले. तासानंतर प्राध्यापकांनी त्यांना बोलावून घेतले. त्यांना वाटले, आता खरडपट्टी निघणार. त्यांनी कल्पनाशक्तीचे कौतुक केले आणि आपल्या प्रयोगशाळेत काम दिले. जेमिसन यांनी हा प्रसंग कृतज्ञतेने सांगितला आहे, आणि त्या कामाने त्यांना आधार दिला हेही खरे. तरी शिक्षक म्हणून वाचताना मला इथे थांबावेसे वाटते. ज्याला दुसऱ्या कोणी वेडाची खूण म्हटले असते, त्याला त्या प्राध्यापकांनी प्रतिभा म्हटले, हे लेखिकेलाही कळते. मग त्या मुलीची झोप, तिचा खर्च, तिचे मागच्या महिन्यातले गप्प राहणे, यांची चौकशी करायला कोण उरले? हा आजार बहुधा पंधरा ते पंचवीस या वयात डोके वर काढतो, म्हणजे बारावीच्या आणि पदवीच्या वर्गांत. अनेकदा आधी नैराश्य येते आणि बायपोलरचे निदान व्हायला वर्षे जातात. मधल्या काळात केवळ नैराश्याची औषधे दिली तर काहींच्या बाबतीत उन्माद उसळतो. ‘हुशार आहे, पण लहरी आहे’ हा शेरा लिहिणाऱ्याचे काम तिथेच संपते. प्रश्न तिथे संपत नाही.

आता आधाराबद्दल. उन्मादाच्या झटक्यात जेमिसन यांनी सर्पदंशावरील औषधपेट्या, मौल्यवान खडे, नको असलेले फर्निचर यांवर पैसा उधळला. झटका ओसरल्यावर बिले घेऊन त्या बसल्या, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ भाऊ येऊन त्यांच्याजवळ बसला आणि त्याने स्वतः कर्ज काढून त्यांची देणी फेडली. आत्महत्येच्या प्रयत्नाच्या वेळी फोनवरचे त्यांचे बोलणे ऐकून यानेच डॉक्टरांना कळवले. आई महिनोन्‌महिने सोबतीला राहिली. डॉक्टर खंबीर होते आणि सहकारी मनोविकारतज्ज्ञ मित्र होते. औषधाने आपल्याला जगवले, परंतु औषध घेत राहण्याइतके मानसोपचाराने सावरले, असे त्या सांगतात. ही सर्व पाने उत्तम आहेत. पण असा भाऊ, असे सहकारी आणि नियमित मानसोपचाराचा खर्च हे सर्व नसते तर काय झाले असते, हा प्रश्न पुस्तकात नीटसा येतच नाही. हा मला त्यातला मोठा उणेपणा वाटतो. आधार त्यांना लाभला होता. तो उभा कसा करायचा, हे त्यांना फारसे सांगावे लागले नाही.

उपसंहाराबद्दल माझे मत याहून कडक आहे. निवड करता आली असती तर हा आजार घेतला असता का, असे त्या स्वतःला विचारतात आणि लिथियम उपलब्ध असेल तर होय, असे उत्तर देतात. त्यांच्यापुरते ते खरे असेलही. परंतु १९९३ साली कलावंत आणि हा आजार यांच्या नात्यावर ‘टच्ड विथ फायर’ हे पुस्तक लिहिलेल्या लेखिकेने त्या उत्तराचा सतरा वर्षांच्या वाचकावर काय परिणाम होईल याचा विचार अधिक करायला हवा होता. प्रतिभा आणि विकार यांचा काही संबंध दिसतो हे मान्य केले, तरी बहुसंख्य रुग्ण कवी नसतात. त्यांना फक्त कामावर जायचे असते.

ही बाजू भरून काढायला जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ (२०१२) ही कादंबरी शेजारी ठेवावी. शांता गोखले यांनी तिचा मराठी अनुवाद केला आहे आणि मूळ पुस्तकाला २०१६ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माहीमच्या एका लहान फ्लॅटमध्ये राहणाऱ्या गोवेकर ख्रिस्ती कुटुंबातली आई इथे आजारी आहे, आणि सांगणारा मुलगा आहे. घरात दार लावून बसायला दुसरी खोली नाही. आई झकास विनोदी आहे, बिड्या ओढते, नको ते बोलते आणि मरू पाहते. नवरा कामावर जातो, परत येतो, चहा करतो. आधार हा शब्दही न वापरता पिंटो यांनी आधाराचे दैनंदिन स्वरूप दाखवले आहे, त्याचा थकवा आणि त्यातला राग यांसकट. आपल्यालाही हाच आजार होईल का, ही मुलाच्या मनातली भीती घडीपत्रिकेच्या ‘आनुवंशिकता’ या ओळीत मावत नाही.

परंतु जेमिसन यांच्याकडून एक गोष्ट मात्र जशीच्या तशी घ्यावी. बऱ्या असताना त्यांनी डॉक्टर आणि घरचे यांच्याशी करार केला: खोल नैराश्यात मी नकार दिला तरी रुग्णालयात दाखल करणे, विद्युत उपचार देणे, याचा निर्णय तुम्ही घ्यावा. शहाण्या मनाने आजारी मनासाठी आधीच लिहून ठेवलेली ही सूचना. माहिती असूनही गोळी सुटते, याला त्यांना सापडलेले हे उत्तर आहे आणि ते माहितीच्या प्रांतातले नाही. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने याला जागा दिली आहे. कोणतीही सज्ञान व्यक्ती आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत हे आगाऊ लिहून ठेवू शकते, आणि आपला प्रतिनिधी नेमू शकते. याच कायद्याने विमा कंपन्यांना मनोविकारांचा विमा शारीरिक आजारांच्या बरोबरीने उतरवणे बंधनकारक केले आहे. ही कलमे घडीपत्रिकेत क्वचितच दिसतात.

शाळेच्या ग्रंथालयात ही दोन पुस्तके घ्यायची झाल्यास जेमिसन यांचे उपसंहारापासून वाचू देऊ नये. शनीचे प्रकरण आधी द्यावे. आणि पुस्तकांच्या आतल्या पानावर १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवावा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. त्याखाली जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागाचे वार आणि वेळ लिहावी. ती मात्र कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. कुणीतरी जाऊन विचारून यावी लागेल.