सलामीची चकती

परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाजवळ टीकेचे एक वाक्य कायमचे तयार असते. पानात काहीही वाढले जावो, पहिला घास घोळवून तो म्हणतो, "बरे आहे, पण आपल्याकडच्यासारखे नाही." दिल्लीतील नोकरीत आम्ही हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले आहे की, सरकारी पत्राच्या ठरीव मायन्याप्रमाणे ते विचार न करताच उमटते. ते परीक्षण आहे की नुसता उसासा आहे, हे तपासून पाहण्याचा प्रसंग आमच्यावर आला तो फ्लॉरिडातील टॅम्पा या शहरी, क्यूबन सँडविच विकणाऱ्या एका लहानशा उपाहारगृहात. प्रस्तुत लेख हे त्या उपाहारगृहाचे परीक्षण होय. त्याचे नाव आम्ही देत नाही. कारण गुणांबरोबर दोषही सांगावयाचे आहेत, आणि आठ टेबलांवर ज्यांचा संसार चालतो त्यांस साता समुद्रांपलीकडून नावानिशी दोष देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

आमची धाकटी बहीण व मेहुणे टॅम्पास राहतात. त्यांच्याकडे जाण्यासाठी अर्जित रजा मंजूर होणे आणि परदेशगमनाची परवानगी मिळणे, या दोन घाटांचे वर्णन या मासिकाच्या वाचकांपुढे करण्याची आवश्यकता नाही. तिसऱ्या दिवशी मेहुणे म्हणाले, "दादा, इथे येऊन क्यूबन सँडविच खाल्ले नाही, तर पंढरपूरला जाऊन विठोबा चुकवल्यासारखे होईल." आम्ही निघालो.

या पदार्थाचे गोत्र थोडे सांगितले पाहिजे. स्पेनमध्ये जन्मलेले आणि हवाना येथे विड्यांचे, म्हणजे सिगारांचे, कारखानदार झालेले विसेंते मार्तिनेस इबोर हे क्यूबातील स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीमुळे 1869 साली आपला धंदा फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकावरील की वेस्ट बेटावर घेऊन आले, आणि 1885 साली त्यांनी टॅम्पाजवळ जमीन घेतली. तेथे वसलेले इबोर सिटी 1887 साली टॅम्पा शहरात समाविष्ट झाले. कारखान्यांत क्यूबन व स्पॅनिश कारागीर होतेच. पाठोपाठ सिसिलीहून इटालियन कुटुंबे आली. हवाना, की वेस्ट आणि टॅम्पा यांच्या दरम्यान आगबोटी चालत, आणि विडी वळणारा माणूस जिकडे काम तिकडे जाई. हवानात 'मिक्स्तो' या नावाने ओळखला जाणारा, निरनिराळी मांसे व चीज भरलेला पाव त्यांच्याबरोबर आला आणि कारखान्याच्या दाराशी कामगारांचे जेवण झाला.

इबोर सिटीत 1905 पासून चालत आलेले 'कोलंबिया' हे मोठे व सुप्रसिद्ध उपाहारगृह आहे. तेथे रंगीत फरश्या आहेत, नृत्य आहे, प्रवाशांची गर्दी आहे. आम्ही गेलो तेथे यांपैकी काही नव्हते. वेस्ट टॅम्पाच्या एका कोपऱ्यावरील जागा. गल्ल्यावर सत्तरीच्या पुढची एक वृद्धा, भट्टीपाशी तिचा मुलगा, टेबले पुसणारी सून, आणि कोपऱ्यातील टेबलावर शाळेचा गृहपाठ पसरून बसलेला नातू. गिऱ्हाईक वाढले की हा मुलगा पेन्सिल कानावर ठेवून पाण्याचे पेले आणी. भिंतीवर जुन्या कारखान्यांची छायाचित्रे होती. तीही शोभेसाठी टांगलेली वाटत नव्हती, घरातील पूर्वजांच्या तसबिरी असतात तशी होती.

आता पदार्थाकडे वळू. क्यूबन पाव हातभराहूनही लांब असतो. त्याच्या पिठात डुकराची चरबी घालतात, आणि भाजण्यापूर्वी लाटीवर पामेटो या बुटक्या ताडाचे ओले पान लांबवर ठेवतात. पानाच्या रेषेत पाव उलतो आणि वर एक सरळ भेग पडते. ही पद्धत टॅम्पातील 'ला सेगुंदा' या 1915 सालच्या भट्टीत अद्याप पाळली जाते. पावाची साल पापडासारखी पातळ, आतला गर हलका. त्याच्या पोटात हॅम, कडू संत्र्याचा रस, लसूण व मसाले यांत मुरवून भाजलेले डुकराचे मांस, सलामीच्या पातळ चकत्या, स्विस चीज, खारवलेल्या काकडीचे काप, आणि मोहरीचा पिवळा लेप. मग वरून थोडे लोणी फासून, तापलेल्या दोन लोखंडी पाट्यांमध्ये हे सर्व दाबून धरतात. चीज वितळते, थर एकमेकांस चिकटतात, साल कडक होते. शेवटी तिरका छेद देऊन दोन तुकडे समोर ठेवतात.

आमच्या घरी हे मांस शिजत नाही. परंतु दिल्लीस येण्यापूर्वी आमची नेमणूक तीन वर्षे पणजीस होती, आणि तेथील चोरीस-पावाने आमचे सोवळे पूर्वीच सुटले होते. पाव हा शब्दही आपणांस पोर्तुगिजांनी दिला. तेव्हा इबेरियातून निघालेल्या गलबतांनी जगाच्या दोन टोकांना सोडलेल्या दोन भावंडांची ओळख पटावी, तसे पहिल्या घासास झाले. साल दाताखाली कुरकुरली, आणि पाठोपाठ मांसाचा रस, काकडीचा आंबटपणा व मोहरीचा झणका हे एकामागून एक आले. एकही स्वाद दुसऱ्याच्या अंगावर धावून जात नव्हता. पाटीवर दाब किती द्यावा हे त्या मुलाच्या मनगटास ठाऊक होते. पाव चिरडला नव्हता, केवळ आवळला गेला होता.

दोषही होते. भाजलेले मांस कडेच्या भागात कोरडे झाले होते. दुपारी उशिरा येणाऱ्याच्या वाट्यास हे यावयाचेच, परंतु त्यावर त्याच मसाल्याचा चमचाभर रस शिंपडता आला असता. काकडीचे काप जाड होते, त्यामुळे दोन घासांत आंबटपणाने इतरांस बोलू दिले नाही. गरम दूध घातलेली कॉफी मात्र निर्दोष होती. तीत लोणी लावलेला पाव बुडवून खाणारे शेजारच्या टेबलावरील गृहस्थ पाहिले आणि मुंबईच्या इराण्याकडील मस्का-पावाची आठवण होऊन आम्ही क्षणभर गप्प झालो.

आता वादाचा मुद्दा. मेहुण्यांचे एक क्यूबन स्नेही मायामीचे आहेत. त्यांस आम्ही कोठे जेवलो हे सांगताच ते म्हणाले, "टॅम्पात मिळते ते क्यूबन सँडविच नव्हेच. त्यात सलामी असते!" आपल्याकडे सलामी तोफांची किंवा फलंदाजांची, येथे एका चकतीवरून दोन शहरे वर्षानुवर्षे भांडत आहेत हे आम्हांस नवे होते. मायामीची क्यूबन वस्ती मुख्यत्वे 1959 च्या क्रांतीनंतर देश सोडून आलेल्यांची. त्यांच्या मते हवानाच्या पाककृतीत सलामीस स्थान नाही. ती इटालियनांची भेसळ होय. टॅम्पाकर म्हणतात, आम्ही तुमच्या पाऊणशे वर्षे आधीचे. सिसिलीचे लोक आमच्या शेजारी बसून विड्या वळत होते, त्यांची सलामी आमच्या पावात आली यात नवल ते काय? 2012 साली तर टॅम्पाच्या नगर परिषदेने सलामीसह असलेल्या या सँडविचला शहराचा मानाचा पदार्थ म्हणून ठरावाने मान्यता दिली. कार्यालयात जन्म घालविलेल्या आम्हांस ठरावाने चव सिद्ध होते असे वाटत नाही. पण जखम किती खोल आहे हे त्यावरून कळते.

मायामीकरांची बाजू हसण्यावारी नेणे अन्यायाचे होईल. ज्याचे घर, गल्ली, दुकान सर्व मागे राहिले आणि परतीचा मार्ग बंद झाला, त्याच्याजवळ पाककृती हाच एक दस्तऐवज उरतो. त्यात कोणी खाडाखोड केली तर तो चिडणारच. परंतु दु:ख खरे असले म्हणून त्यातून निघालेला निकष खरा ठरतो असे नाही. आम्ही गल्ल्यावरील वृद्धेस पैसे देताना विचारले होते की, तुम्ही सलामी का घालता? ती म्हणाली, "माझे आजोबा क्यूबाचे आणि आजी सिसिलीची. दोघे एकाच कारखान्यात होती." एवढे बोलून तिने सुटे पैसे मोजले. तिच्या लेखी सलामी काढणे म्हणजे आजीला घराबाहेर काढणे होते.

त्या कारखान्यांचीच एक गोष्ट येथे साक्षीस बोलावावीशी वाटते. तेथे कामगार हातांनी विड्या वळत, आणि उंच चौथऱ्यावर बसून एक वाचक त्यांस मोठ्याने वाचून दाखवी. ही चाल 1865 साली हवानात सुरू झाली व टॅम्पास आली. वाचकाचे वेतन मालक देत नसे; कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढीत. सकाळी वर्तमानपत्रे, पुढे कादंबऱ्या. सेर्वांतेस यांचा डॉन किहोते तेथे वाचला गेला, तसेच ह्यूगो व झोला हे फ्रेंच लेखकही वाचले गेले. हे वाचन मजुरांची डोकी भडकवते असे ठरवून 1931 साली मालकांनी वाचकांचे चौथरे बंद केले आणि पुढे तेथे रेडिओ आले. नीलो क्रूस यांचे 'ॲना इन द ट्रॉपिक्स' हे नाटक याच विषयावर असून त्यास 2003 साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यात 1929 सालच्या इबोर सिटीत एक वाचक टॉलस्टॉय यांची 'ॲना कारेनिना' वाचतो आणि ती रशियन कथा विडीवाल्यांच्या संसारात शिरते. हा नाटककार क्यूबात जन्मलेला आणि लहानपणी मायामीस आलेला! रशियाची बाई टॅम्पाच्या कारखान्यात आलेली मायामीत वाढलेल्या लेखणीस खुपली नाही. मग सिसिलीची चकती मायामीच्या जिभेस का खुपावी?

याचा अर्थ, जे येईल ते पावात भरावे असा नव्हे. या उपाहारगृहाच्या फलकावर खालच्या अंगास एक नवा प्रकार लिहिला होता: सलाडची पाने, टोमॅटो आणि अंड्याचा पांढरा मेयोनीज घातलेला. आम्ही तोही अर्धा मागवून पाहिला. गरम पाट्यांखाली पाने मलूल झाली, टोमॅटोने पाणी सोडले, आणि ज्या कुरकुरीत सालीसाठी सारा खटाटोप, तीच ओली पडली. सलामी पुरवठ्यास येते. तिची चरबी व मिरी उष्णतेने मांसात उतरतात आणि दोघांची चव वाढते. टोमॅटो पदार्थाच्या मुळावर येतो. एक परका स्वीकारार्ह, दुसरा त्याज्य. आणि दोन्ही निर्णय तो कोठून आला हे न विचारता देता येतात. पदार्थ जे साधू पाहतो ते साधण्यास नवा घटक हातभार लावतो की नाही, एवढेच परीक्षकाने पाहावयाचे असते. 'हवानात असे नव्हते' हे इतिहासाचे विधान आहे, चवीचे नव्हे.

परत आल्यावर हा निकष आम्हांस घरातच लावून पाहावा लागला. इंदूरच्या पोह्यांवर शेव आणि जिरावण पडते, शेजारी जिलबी येते. पुण्याचा पाहुणा नाक मुरडतो आणि दुसरी बशी मागवतो. ते सोपे उदाहरण झाले. आमची कन्या दिल्लीत जन्मली. तिची मराठी ऐकून आम्ही आजवर एकच शेरा मारीत आलो, "असे आपल्याकडे म्हणत नाहीत." ती निमूटपणे गप्प बसे, आणि पुढचे वाक्य हिंदीत बोले. हा आमच्या टीकेचा परिणाम होता, हे आम्ही टॅम्पास जाईपर्यंत पाहिले नव्हते.

जानेवारीत ती म्हणते, "बाबा, धुपेत बसू या." मराठीत धूप देवापुढे जळतो, हे आम्ही तिला अनेकदा सुनावले आहे. परंतु 'उन्हात बसू नकोस' हे वाक्य ऐकत वाढलेल्या आम्हांला त्या शब्दात धाकच अधिक ऐकू येतो. दिल्लीच्या हिवाळ्यात गच्चीवर पडणाऱ्या त्या मायाळू उजेडाला आमचा 'ऊन' पुरत नाही. तो शब्द तिने शेजाऱ्यांकडून घेतला आणि त्यास मराठी सप्तमी लावून घरचा केला. ही सलामीची चकती आहे. याउलट ती म्हणते, "पाऊस होतो आहे." येथे आम्ही अद्याप अडवतो, कारण मराठीत पाऊस येतो, पडतो, लागतो, झोडपतो, उघडतो, आणि या सर्वांच्या जागी एक 'होतो' बसविला की साल ओली पडते. मात्र आता 'आपल्याकडे असे म्हणत नाहीत' असे न म्हणता आम्ही तिला ती सारी क्रियापदे एकेक करून सांगतो. परवा दिल्लीत अवकाळी सरी आल्या. खिडकीशी उभी राहून ती म्हणाली, "बाबा, पाऊस लागला आहे, आज धूप निघणार नाही." आम्ही काही दुरुस्त केले नाही.