मॉर्मन वाङ्मय : दप्तर आणि सत्य

मॉर्मन पंथाशी मराठी वाचकाची पहिली ओळख पुष्कळदा शेरलॉक होम्समुळे होते. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ (१८८७) या कादंबरीच्या उत्तरार्धात आर्थर कॉनन डॉइलने यूटाचे जे चित्र रंगविले आहे, त्यात बळजबरीचे विवाह आणि गुप्त मारेकरी यांपलीकडे फारसे काही नाही. डॉइल यूटात गेला तो पुढे १९२३ साली. कादंबरी त्याने ऐकीव माहितीवर रचली. ज्या समाजाने स्वतःविषयी एवढे लिहून ठेवले आहे, त्याची पारख परक्याच्या रहस्यकथेवरून करणे आम्हास न्याय्य वाटत नाही.

या संस्कृतीचा इतिहास दोनशे वर्षांहूनही लहान आहे. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने ‘बुक ऑफ मॉर्मन’ प्रसिद्ध करून धर्मसंघ स्थापिला. १८४४ साली इलिनॉयमधील कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्याची हत्या केली. ब्रिगम यंगच्या नेतृत्वाखाली निघालेले अनुयायी २४ जुलै १८४७ रोजी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. तेथे त्यांनी पाटाच्या पाण्यावर शेती उभी केली. स्वतंत्र लिपीचाही प्रयोग केला, पण तो रुजला नाही. १८५२ साली उघडपणे जाहीर केलेले बहुपत्नीत्व १८९० च्या जाहीरनाम्याने मागे घेतले गेले आणि १८९६ साली यूटाला राज्याचा दर्जा मिळाला. छळ, स्थलांतर आणि तडजोड या तीन अनुभवांतून हा समाज घडला.

परंतु त्याची खरी वाङ्मयीन प्रकृती नोंद ठेवण्यात आहे. नोंद ठेवण्याची आज्ञा संघाला स्थापनेच्या दिवशीच मिळाली, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यामुळे शेतकरी, सुतार, गृहिणी यांनीही रोजनिश्या लिहिल्या. आयुष्य कागदपत्रांत गेलेल्या आमच्यासारख्या कारकुनास याचे मोल निराळे सांगावयास नको. नोंद करणाऱ्याच्या हेतूपेक्षा नोंद अधिक काळ जगते आणि कधी कधी त्या हेतूविरुद्ध साक्षही देते.

१८८८ साली ऑर्सन व्हिटनीने ‘गृहवाङ्मया’ची हाक दिली आणि आपल्यांतून मिल्टन व शेक्सपिअर निपजतील, अशी आशा व्यक्त केली. त्या हाकेतून निघाल्या त्या बहुतांशी बोधकथा. निष्ठेचे फळ ठरलेले असले म्हणजे कथेत संघर्ष उरत नाही. मॉरीन व्हिपल यांची ‘द जायंट जोशुआ’ (१९४१) ही कादंबरी याला ठळक अपवाद होय. सेंट जॉर्जच्या ओसाड भूमीत वसाहत करणाऱ्या पुरुषाची तिसरी पत्नी तिची नायिका आहे. तिची श्रद्धा आणि तिचे दुःख यांपैकी कोणतेही एक लेखिकेने दुसऱ्यासाठी खोटे पाडलेले नाही. आमच्या मते हेच या कृतीचे मोठेपण.

तथापि सर्वांत कठीण कसोटी ज्वानिटा ब्रुक्स यांनी दिली. ११ सप्टेंबर १८५७ रोजी माउंटन मेडोज येथे मॉर्मन सैनिकांनी काही पायूट लोकांसह सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली. १८७७ साली जॉन ली या एकट्यास गोळ्या घालण्यात आल्या आणि प्रकरण मिटविले गेले. या कत्तलीचा साक्षीदार नेफाय जॉन्सन याने वृद्धपणी तरुण शिक्षिका ब्रुक्स यांना आपले काही लिहून घेण्यास सांगितले होते. त्या पोहोचल्या तेव्हा तो मृत्युशय्येवर रक्ताच्याच भ्रमात बरळत होता. पुढे संघाच्या दप्तरातील काही कागद त्यांना दाखविण्यात आले नाहीत. तरीही १९५० साली त्यांनी ‘द माउंटन मेडोज मॅसकर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केलाच. त्यांची भाषा कोरडी, जवळजवळ दप्तरी आहे. तिच्यात आरोपाचा आवेश नाही आणि म्हणूनच तिचा आघात अधिक आहे.

जोसेफ स्मिथचे चिकित्सक चरित्र (१९४५) लिहिणाऱ्या फॉन ब्रोडी यांना १९४६ साली बहिष्कृत करण्यात आले होते. ब्रुक्स मात्र अखेरपर्यंत संघातच राहिल्या. १९६१ साली लीला मरणोत्तर पुन्हा सदस्यत्व मिळाले आणि २००७ साली, दीडशे वर्षांनी, संघाच्या वतीने कत्तलीविषयी खेद व्यक्त झाला.

बाहेर पडून टीका करणे सोपे नसतेच. पण आत राहून सत्य सांगणे त्याहून दुष्कर. व्हिटनीला हवा असलेला मिल्टन यूटाला लाभला की नाही, हा वाद बाजूस ठेवू. आपल्याच नोंदी निर्भयपणे वाचणारी एक शाळामास्तरीण त्या समाजाला लाभली, आणि आम्हास ते भाग्य थोडे वाटत नाही.