काकांचा आवाज

संपादकांनी लेख मागताना पत्रात एक सूचना केली होती : विषय घरातल्या सर्वांनी वाचावा असा असू द्या. मी निवडलेल्या पुस्तकात मरण आहे, बंदिवास आहे, आणि ज्या देशाचे ते आहे त्याचे नाव आपल्याकडे भूकंप किंवा दंगल झाली म्हणजे तेवढे कानावर येते. तरीही ती सूचना मी पाळली आहे असे मला वाटते. कारण हे पुस्तक दोन भावांचे आहे. धाकटा पोटासाठी दूर देशी गेला; थोरला घर धरून राहिला आणि धाकट्याची मुले त्याने आपली म्हणून वाढवली. कोकणातल्या कोणत्या घराला ही गोष्ट परकी वाटेल?

पुस्तकाचे नाव ‘ब्रदर, आय अॅम डाइंग’. लेखिका एड्विज दांतिका. हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स येथे १९६९ साली तिचा जन्म झाला आणि बारा वर्षांची असताना ती न्यूयॉर्कला आईवडिलांकडे गेली. घरची भाषा क्रिओल, शाळेची फ्रेंच, आणि नावारूपाला आली ती इंग्रजीत. पुस्तक २००७ साली निघाले व अमेरिकेतील ग्रंथसमीक्षकांच्या मंडळाचे आत्मचरित्राचे पारितोषिक त्याला मिळाले. माझे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही. इंग्रजी पुस्तक वाचावयाचे म्हणजे कोश उशाशी ठेवावा लागतो. ह्या पुस्तकाला तो फारसा लागला नाही. इतके साधे, इतके घरगुती त्याचे बोलणे आहे.

वडील १९७१ साली न्यूयॉर्कला गेले, दोन वर्षांनी आई गेली. चार वर्षांची एड्विज आणि तिचा धाकटा भाऊ थोरल्या काकांकडे, जोझेफ दांतिका ह्यांच्याकडे, राहिली. वडिलांची पत्रे येत. पत्र अर्ध्या पानाचे, त्यात तीन परिच्छेद. पहिल्यात खुशाली, दुसऱ्यात पाठवलेले पैसे कशावर खर्च करावयाचे त्याचा हिशेब, तिसऱ्यात निरोप. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. माझे वडील मुंबईस नोकरीला होते. मनीऑर्डरच्या फॉर्मावर निरोपासाठी जी चिंचोळी जागा असे, तिच्यात ते दर महिन्याला एकच मजकूर लिहीत : ‘पैसे पोचल्याचे कळवणे. मुलांना अभ्यास करावयास सांगणे.’ त्या कोरडेपणाचा मला लहानपणी राग येई. दांतिकाच्या वडिलांनी पुढे मुलीला सांगितले की, मनातले कोणत्याच कागदावर मावण्याजोगे नव्हते. माझ्या वडिलांनी हे मला सांगितले नाही. ते मला हैतीतल्या एका टॅक्सीवाल्याकडून कळले.

काका जोझेफ हे बेल-एअर नावाच्या गरीब वस्तीत बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते. तिथेच त्यांचे प्रार्थनामंदिर आणि शाळा. १९७८ च्या सुमारास त्यांच्या गळ्याला कर्करोग झाला. शस्त्रक्रियेने जीव वाचला, आवाज गेला. ज्याचे जगणे प्रवचनावर, त्याचा आवाजच गेला! पुतणी ओठांच्या हालचालींवरून त्यांचे बोलणे ओळखू लागली आणि त्यांच्याबरोबर बाहेर जाऊन लोकांना ते सांगू लागली. पुढे गळ्याला लावून बोलावयाचे एक यंत्र मिळाले आणि यांत्रिक का होईना, आवाज परत आला. ही गोष्ट पुस्तकाच्या पूर्वार्धात येते तेव्हा आपण तिला बालपणाची एक आठवण समजतो. तिचा खरा अर्थ उत्तरार्धात उलगडतो.

ही माणसे देश सोडून का गेली, ह्याचे उत्तर ‘गरिबी’ ह्या एका शब्दात देण्याची सवय आपल्याला आहे. ती गरिबी आली कोठून? हैतीच्या गुलामांनी बंड करून १८०४ साली फ्रान्सपासून स्वातंत्र्य मिळवले. फ्रान्सने १८२५ साली आरमार पाठवून त्या स्वातंत्र्याची किंमत मागितली : १५ कोटी फ्रँक. पुढे ती ९ कोटींवर आली, पण ती फेडण्यासाठी काढलेल्या कर्जाचे शेपूट १९४७ पर्यंत पुरले. मधल्या काळात, १९१५ साली, अमेरिकेचे नौसैनिक उतरले आणि १९३४ पर्यंत हलले नाहीत. त्यांनी वेठबिगारीने रस्ते बांधले. विरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांचा पुढारी शार्लमान पेराल्त ह्याला १९१९ साली ठार मारून, प्रेत दाराला बांधून, त्याचे छायाचित्र वाटले. लेखिकेचे आजोबा त्या बंडखोरांत होते. काका जोझेफ लहान असताना त्यांनी ह्या गोऱ्या शिपायांना एक गोल वस्तू लाथेने उडवताना पाहिले. ते माणसाचे मुंडके होते. लेखिका हे दोनचार वाक्यांत सांगून पुढे जाते. सैनिक गेले ते आपण घडवलेले एक सशस्त्र दल मागे ठेवून. त्या दलाने परचक्र कधी थोपवले नाही. त्याचा वचक राहिला तो स्वकीयांवर.

१९५७ साली फ्रांस्वा दुव्हालिए सत्तेवर आला. त्याने व नंतर त्याच्या मुलाने १९८६ पर्यंत राज्य केले ते खाजगी सशस्त्र दलाच्या बळावर. त्या दलाला लोक ‘तोंतों मकूत’ म्हणत. आपल्याकडे मुलांना बागुलबुवाची भीती घालतात, तसा हैतीत व्रात्य मुलांना झोळीत घालून नेणारा एक काका असतो; त्याचे हे नाव. एका काकाच्या नावाने देश थरथरत होता आणि दुसरे एक काका दुसऱ्याची मुले सांभाळीत होते.

दांतिकाची तीन पुस्तके ओळीने वाचली म्हणजे तिच्या लेखनाचा धागा हाती येतो. ‘द फार्मिंग ऑफ बोन्स’ (१९९८) ही कादंबरी १९३७ सालच्या हत्याकांडाची. शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा त्रुहियो, जो स्वतः अमेरिकन अमदानीतल्या दलात शिकून वर आला, त्याने हजारो हैतीयनांची कत्तल करवली. तीत वाचलेली माणसे आपली हकीगत सरकारदरबारी सांगावी म्हणून रांगा लावून उभी राहतात आणि शेवटी कोणी न ऐकताच परत जातात. ‘द ड्यू ब्रेकर’ (२००४) मध्ये तुरुंगात माणसांचे हाल करणारा एक मकूत ब्रुकलिनमध्ये न्हावी होऊन शांतपणे संसार करतो. त्याच्या हातून मेलेला शेवटचा कैदी एक धर्मोपदेशक असतो. पहिल्या पुस्तकात साक्ष ऐकणारा कोणी नाही. दुसऱ्यात गुन्हेगाराला जाब विचारणारा कोणी नाही. दुसरे पुस्तक निघाले त्याच वर्षी लेखिकेच्या घरचे धर्मोपदेशक सरकारी कोठडीत असताना मेले.

घडले ते असे. फेब्रुवारी २००४ मध्ये अध्यक्ष आरिस्तीद ह्यांना देश सोडावा लागला आणि संयुक्त राष्ट्रांची फौज आली. २४ ऑक्टोबरला, रविवारी, ती फौज आणि हैतीचे पोलीस काकांच्या प्रार्थनामंदिराच्या छपरावर चढले व तिथून त्यांनी वस्तीवर गोळीबार केला. ते निघून गेले. मागे राहिलेल्या टोळ्यांनी ‘पोलिसांना जागा तूच दिलीस’ म्हणून एक्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचा जीव मागितला. काकांनी बाईच्या वेषात वस्ती सोडली, तक्रार नोंदवण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, आणि २९ तारखेला ते मायामीच्या विमानतळावर उतरले. हाती प्रवेशाचा वैध परवाना होता. पूर्वी अनेकदा आले होते. ह्या वेळी विचारणा होताच त्यांनी खरे सांगितले की, मला काही काळ आश्रय हवा आहे. त्यांची रवानगी क्रोम नावाच्या स्थानबद्धतेच्या तळावर झाली. जवळची औषधे काढून घेण्यात आली. आश्रयाच्या मुलाखतीत त्यांना ओकारी झाली, अंग ताठले. तेव्हा ते सोंग करीत आहेत असे तिथल्या वैद्यकीय माणसाने ठरवले. पायांत बेड्या घालून त्यांना रुग्णालयात नेले, घरच्यांना भेटू दिले नाही, आणि ३ नोव्हेंबरला ते एकटे मेले.

असा प्रसंग आपल्यापैकी कोणी लिहिला असता तर? मी लिहिला असता, तर पानोपानी उद्गारचिन्हे उभी केली असती. दांतिका त्या प्रकरणाला शीर्षक देते ते असे : ‘एलियन २७०४१९९९’. सरकारी दप्तरात काकांना मिळालेला हा क्रमांक. मग ती तारखा देते, वेळा देते, दप्तरातल्या नोंदी एकापुढे एक मांडते. घरच्या हकिगतीत ‘काका’ असलेला माणूस कागदावर हळूहळू नाडीचे ठोके आणि रक्तदाब होत जातो. दोन्ही भाषा शेजारी शेजारी ठेवण्यापलीकडे ती काही करीत नाही, आणि एवढ्यानेच वाचकाच्या घशाशी आवंढा येतो. काही वाचकांना हा संयम थंडपणा वाटेल. माझ्या मते तो साक्षीदाराचा संयम आहे. साक्षीदार रडू लागला की समोरचा वकील खूष होतो.

ही सवय तिला कोठून लागली, हेही पुस्तकातच आहे. १९९१ च्या लष्करी उठावानंतर काका सकाळी वस्तीत हिंडून रस्त्यावर पडलेली प्रेते मोजत आणि खिशातल्या लहान वहीत त्यांची वर्णने टिपून ठेवीत. कोणी सांगितले नव्हते, पगार नव्हता, ती वही वाचणारी कचेरीही नव्हती. पुतणीने तेच काम पुढे चालवले आहे. लहानपणी ती काकांचे ओठ वाचून दुकानदाराला सांगत होती. आता ती ते जगाला सांगते आहे. पुस्तक निघाले त्याच २००७ साली तिने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे बसून स्थानबद्धांच्या औषधोपचाराबद्दल साक्ष दिली.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या गावाजवळच्या चिरेखाणीवर घाटावरून आलेला एक मजूर मेला. पंच म्हणून शाळेतून मला बोलावले. पंचनामा लिहून तयार होता. ‘सदर इसम दारूच्या अमलाखाली पाय घसरून’ असे काहीतरी त्यात होते. घंटा व्हायची वेळ झाली होती. मी सही केली आणि वर्गावर गेलो. दोन महिन्यांनी त्याचा भाऊ शाळेच्या पायरीवर येऊन बसला. “मास्तर, तुम्ही होता ना तिथं? तो तर कधी घेत नव्हता.” मी काय सांगणार? माझ्याकडे कागदावरचे शब्द होते, आणि तेही माझे नव्हते. दांतिकाचे पुस्तक मला आवडले असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. त्या पुस्तकाने मला त्या पायरीवर पुन्हा नेऊन उभे केले.

पुस्तकात उणे नाही असे नाही. काकांच्या जिवावर उठलेली पोरे त्याच गल्ल्यांत वाढलेली. ती केवळ सावल्यांसारखी येतात आणि जातात. ज्या लेखिकेने ‘द ड्यू ब्रेकर’मध्ये छळ करणाऱ्याच्या मनात शिरून दाखवले, तिने ह्या पोरांचा मात्र दुरूनच निरोप घेतला, ही उणीव मला जाणवते. ‘सोंग करतो’ म्हणणाऱ्या त्या वैद्यकीय माणसाचेही अंतरंग आपल्याला दिसत नाही. पण तिथे मी तक्रार मागे घेतो. कादंबरीकाराला कल्पनेने कोणाच्याही मनात शिरता येते. साक्षीदाराला ती मुभा नाही. तिने एक वाक्य जरी पदरचे घातले असते, तरी खरी असलेली सारी वाक्ये संशयित झाली असती.

हे सारे जुने झाले असे म्हणून पुस्तक बाजूला ठेवता येत नाही. संयुक्त राष्ट्रांची ती फौज २०१७ साली परतली. दरम्यान २०१० साली तिच्या तळावरून देशात कॉलरा पसरला आणि सुमारे १०,००० माणसे मेली. नुकसानभरपाईचा दावा अमेरिकेच्या न्यायालयात टिकला नाही, कारण त्या संस्थेला खटल्यापासून संरक्षण आहे. २०२४ साली केनियाच्या नेतृत्वाखाली पुन्हा एक परदेशी पोलीसदल हैतीत उतरले. टोळ्यांनी गांजलेल्या लोकांना कोणीतरी यावे असे वाटत असेल, तर त्यांना दोष कसा द्यावा? पण छपरावर चढणारे उतरून गेल्यावर घरमालकाचे काय होते, हा प्रश्न त्यांच्या आधी विचारून ठेवला पाहिजे.

काकांना हैती कधीच सोडावयाची नव्हती. परिस्थिती अशी की त्यांना न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात पुरावे लागले. वडील तेव्हा फुप्फुसाच्या असाध्य दुखण्याने खंगत होते; पुढल्या वर्षी तेही गेले आणि भावाशेजारी विसावले. तीस वर्षे समुद्राच्या दोन तीरांवर राहिलेले दोघे भाऊ असे एकत्र आले. मधल्या काळात लेखिकेला मुलगी झाली. तिला वडिलांचे नाव दिले, आणि नातीला मांडीवर घेण्याइतके दिवस आजोबांना मिळाले.

दिवाळीत घरी आलेली माणसे भाऊबीज उरकली की परत निघतात. एस्. टी. हलेपर्यंत बोलणे होते ते पिशवीतल्या चकल्यांचे आणि पोचल्यावर कळवण्याचे. ह्या वर्षी मी तेवढ्यावर थांबणार नाही. आणि सुट्टी संपली की एक पत्र लिहावयाचे आहे, घाटावरच्या एका पत्त्यावर. काय पाहिले आणि काय न पाहता सही केली, एवढेच त्यात असेल. अर्धे पान पुरेल.